पुन्हा वाचायचं तर पांढऱ्या पानांपासून

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे नांदेडचे, वय ३८. अकरावी-बारावीला लातूरला खोली करून होते. तिथं फिजिक्सच्या नोट्सखाली लपवून, शेजारी शब्दकोश उघडा ठेवून त्यांनी टोलकिन यांची 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही इंग्रजी अद्भुत कादंबरी वाचली. महिनाभर वेड लागल्यासारखं झालं होतं. आता २२ वर्षांनी तीच जाडजूड प्रत कपाटातून काढली, आणि सुरुवातीच्याच भागात, टॉम बॉम्बाडिल या पात्राच्या घरी पोचेपर्यंत गाडी रुतली. महिना झाला, पान हलत नाही. मधल्या काळात तिन्ही सिनेमे अनेकदा पाहून झालेत. त्यांनी विचारलंय की तेव्हाचं ते प्रेम खोटं होतं का, रेटून पूर्ण करू की सोडून देऊ, आणि अकरा वर्षांच्या लेकीला हे वाचून दाखवण्यात काही अर्थ आहे का.

मी समीक्षक नाही. बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी 'ब' वर्गाच्या सार्वजनिक वाचनालयात २९ वर्षं ग्रंथपाल आहे. तेच पुस्तक परत परत नेणारी माणसं मात्र मी फार जवळून पाहिली आहेत, आणि त्यातल्या काहींवर मनातल्या मनात हसलोही आहे. त्या भांडवलावर सांगतो.

मला विचाराल तर तुम्ही हे पुस्तक अजून पुन्हा वाचायला घेतलेलंच नाही. तुम्ही पहिलं वाचन दुसऱ्यांदा करू पाहताय. पहिल्या वेळी 'पुढं काय?' हाच उतार असतो. उताराला लागलेली गाडी बैलांना ओढावी लागत नाही, उलट आवरावी लागते. म्हणून तर लातूरच्या खोलीत, निम्मे शब्द अडत असतानाही, तुम्ही हजार पानं महिन्यात संपवलीत. आता शेवट ठाऊक आहे, त्यामुळे उतार उरला नाही. सपाट रस्त्यावर गाडी आपली आपण पळेल अशी वाट बघत बसलात, तर ती रुतणारच. यात पुस्तकाचा दोष नाही, तुमचाही नाही.

आता वाचनालयातली एक गोष्ट दाखवतो. कुठलंही जुनं, भरपूर फिरलेलं पुस्तक घ्या, मिटा आणि आडवं धरून त्याची उघडती कड बघा. सगळी कड सारखी पिवळी असते, तो वयाचा रंग. त्या पिवळ्यावर काळपट पट्टे दिसतात, ते हातांचे. जिथं वाचक थांबला, मागं गेला, अंगठा दाबून बसला, जेवता जेवता पान उलटलं, तिथं कड काळवंडते. आणि दोन काळ्या पट्ट्यांच्या मध्ये एखादा स्वच्छ, त्या मानानं पांढरा पट्टा असतो. ती पानं लोकांनी भराभर उलटलेली असतात. आमच्याकडची नाथमाधवांची 'वीरधवल' अशी आहे. शंभर वर्षांहून जुनी अद्भुत कादंबरी, आमची प्रत अर्थातच नंतरच्या आवृत्तीची. मारामाऱ्या काळ्या, वर्णनं पांढरी. म्हणूनच बाइंडरला मी दर वेळी बजावतो, बाबा रे, शिवण नवी घाल, पुठ्ठा बदल, पण कड कापू नकोस. कटिंग मशीनखाली गेली की पुस्तक नवं दिसतं आणि साठ वर्षांच्या वाचकांचा सगळा माग पुसला जातो.

माझं म्हणणं एवढंच की दुसरं वाचन त्या पांढऱ्या पट्ट्यांपासून सुरू करायचं.

हे मला सुचलं ते एका चुकीतून. चाळिशीत मी 'वीरधवल' पुन्हा वाचायला घेतली. लहानपणी आजोळी, माळवदावर, कंदिलाची काच काळी होईपर्यंत वाचलेली. या वेळी तीन रात्रींत संपवली आणि तोंड कडू झालं. योगायोग किती खोटे, माणसं किती सपाट! त्याच आठवड्यात नववीतला एक मुलगा ती मागायला आला. मी म्हणालो, "त्यात काही राहिलं नाही आता, दुसरं ने." तो दुसरं काहीच न घेता गेला. त्याचा चेहरा मला अजून आठवतो. माझं बिघडलेलं वाचन मी त्याच्या पहिल्या वाचनावर ओतलं होतं.

पुढं दोन वर्षांनी त्याच प्रतीची शिवण सुटली. बाइंडरकडं द्यायच्या आधी पानं क्रमानं लावायची होती. पानं हातात येतील तशी येत होती, मधलं, शेवटचं, पुन्हा मधलं. क्रम लावता लावता मी वाचत गेलो, आणि जी पानं तीन रात्रींत ओलांडली होती तीच डोळ्यांत भरली. तेव्हा आणखी एक गोष्ट मनात होती. नाथमाधव तरुणपणी सिंहगडावर शिकारीला गेले असताना कड्यावरून पडले, कमरेखालचं शरीर लुळं झालं, आणि लिखाण त्यानंतरचं आहे. जागचं हलता न येणारा माणूस एवढी दौड, एवढे पाठलाग लिहीत होता. नववीत असताना हे ठाऊक असतं तरी मी त्याची पर्वा केली नसती. बेचाळिसाव्या वर्षी केली.

आमच्याकडं एक वर्गणीदार होते, निवृत्त तलाठी. पुस्तकाच्या शेवटी तारखेची चिठ्ठी चिकटवलेली असते, तीवर त्यांचा क्रमांक दर जूनमध्ये यायचा, एकाच पुस्तकावर, ओळीनं नऊ वर्षं. एकदा विचारलं, "आप्पा, शेवट पाठ झाला असेल की आता?" ते म्हणाले, "पाठ हाय म्हनूनच नेतो. घाई नस्ती. पेरनीचा पाऊस येईस्तोवर कुठूनबी उघडायचं." रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं चौथं सांगतं की वाचकाचा वेळ वाचवा. आप्पांपुढं मला ते सूत्र कधी लागू करता आलं नाही.

आता तुमच्या बाबतीत काय लागू पडेल ते काही गोष्टींवर अवलंबून आहे, आणि त्या मला इथून दिसत नाहीत. पहिली भाषेची. सोळाव्या वर्षी शब्दकोशाच्या आधारानं वाचताना निम्मी वाक्यं आपण अंदाजानं भरलेली असतात. म्हणजे तुम्हाला जे आवडलं त्यातलं थोडं तुमचं स्वतःचंच होतं. आज इंग्रजी नीट कळतं, म्हणून ते अंदाज गळून पडले. थोडं रितं वाटणं साहजिक आहे. प्रेम खोटं नव्हतं, त्यात तुमची भर होती.

दुसरी सिनेमांची. २००१ ते २००३ मधले ते तीन सिनेमे इतके ठसठशीत आहेत की पुस्तक उघडलं तरी डोळ्यांपुढं तेच चेहरे येतात. तुम्ही नेमके जिथं अडकलात ते बॉम्बाडिलचं घर सिनेमात नाहीच. म्हणजे तिथवर पडद्यावरची चित्रं तुम्हाला उचलून नेत होती आणि तिथं त्यांनी हात सोडला. तुमचं रुतणं मला कंटाळ्यापेक्षा असं वाटतं.

तिसरी गोष्ट तुम्ही स्वतःलाच विचारा. पुस्तक आत्ताच का उघडलं? दिवसभराच्या कामानंतर विसावा हवा म्हणून उघडलं असेल तर ठीक. पण त्या लातूरच्या खोलीतला मुलगा सापडतो का हे बघायला उघडलं असेल, तर तो या पानांत नाही. त्यासाठी एकदा लातूरला जाऊन त्या गल्लीत चहा पिऊन आलेलं बरं.

बॉम्बाडिलपासूनच सुरू करू, कारण तो बहुतेकांचा पांढरा पट्टा असतो. गाणी म्हणतो, पिवळे बूट घालतो, कथा इंचभर पुढं नेत नाही. पण त्याच्या घरात एक लहानशी गोष्ट घडते. घालणाऱ्याला अदृश्य करणारी, सत्तेची हाव लावणारी मुद्रिका नायक फ्रोडोकडं आहे आणि ती त्याला नष्ट करायची आहे. बॉम्बाडिल ती मागून घेतो, करंगळीच्या टोकावर चढवतो, आणि अदृश्य होत नाही. हसतो, हवेत उडवून तीच क्षणभर गायब करतो आणि परत देतो. पहिल्या वाचनात आपण म्हणतो, गंमत आहे, पुढं चला. शेवट ठाऊक असताना थांबून बघा. पुढच्या सगळ्या पानांत शहाणी, थोर, शूर माणसं जिच्यापुढं डगमगतात, त्या वस्तूचं या माणसाला काही म्हणजे काही वाटत नाही. पुढं मुद्रिकेचं काय करायचं हे ठरवायला एलरॉन्डकडं सभा भरते, तीत 'मग त्यालाच देऊन टाकू' असा विचारही निघतो, आणि जादूगार गँडाल्फ म्हणतो की तो विसरून जाईल, कुठंतरी टाकून देईल. ज्याला सत्तेची हाव नाही त्याच्या हाती ती सुरक्षितही नाही. सोळाव्या वर्षी हे कळून करायचं काय होतं? अडतिसाव्या वर्षी, एखाद्या संस्थेची किंवा भावकीची भांडणं बघून झाल्यावर, त्याचा अर्थ लागतो.

वयाचंच निघालं म्हणून सांगतो. तुमच्या डोळ्यांपुढचा फ्रोडो विशीतला पोरगा आहे ना? तो सिनेमातला. पुस्तकात त्याला सांभाळणाऱ्या बिल्बोच्या १११व्या वाढदिवसाला फ्रोडो ३३ वर्षांचा होतो, मुद्रिका त्याच्याकडं येते, आणि नंतर तो सतरा वर्षं घरातच असतो. शायर, म्हणजे हॉबिट या बुटक्या लोकांचा मुलूख, सोडून निघतो तेव्हा ५० पूर्ण झालेले असतात. ही सतरा वर्षं काही पानांत उरकली आहेत, म्हणून ध्यानात राहत नाहीत. तुम्ही आज ३८चे. तुमचा फ्रोडो अजून घरातून निघालेलाही नाही, त्याच्या खिशात काय आहे हेही त्याला धड ठाऊक नाही. पहिली दोन प्रकरणं हे लक्षात ठेवून परत चाळा.

मला सगळ्यात आवडणारी जागा मात्र दुसऱ्या खंडाच्या शेवटाकडं आहे. किरिथ उंगोल या खिंडीच्या जिन्यावर फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम थकून झोपलेत. सॅमच्या मांडीवर फ्रोडोचं डोकं. मुद्रिका पूर्वी ज्याच्याकडं होती आणि जो तिच्यासाठी झुरतोय तो गॉलम अंधारातून परत येतो, त्या दोघांकडं बघत उभा राहतो. त्याच्या डोळ्यांतली चमक विझते. हात थरथरत पुढं करतो आणि फ्रोडोच्या गुडघ्याला अगदी हलका स्पर्श करतो. त्या क्षणी कुणी त्याला पाहिलं असतं तर एक म्हातारा, दमलेला, आपल्या सगळ्या माणसांच्या मागं उरलेला हॉबिटच दिसला असता. तेवढ्यात फ्रोडो झोपेत ओरडतो, सॅम जागा होतो, खेकसतो, आणि तो क्षण गेला तो गेलाच. पुन्हा येत नाही. पहिल्या वेळी हा परिच्छेद मी वाचला होता अशी माझ्याजवळ काहीच खूण नाही. वाचलेला असणारच, पण आपल्याला घाई असते, पुढं जाळं विणून बसलेली अजस्र कोळीण आहे. शेवट माहीत असलेल्यालाच कळतं की इथं गॉलम परतू शकला असता. शिवाय दुसऱ्याच प्रकरणात गँडाल्फ म्हणून ठेवतो की या प्राण्याचं अजून काही काम उरलं असावं. ते काम म्हणजे काय हे आता ठाऊक आहे. शेवटी फ्रोडो मुद्रिका आगीत टाकत नाही, तो ती आपली म्हणतो, आणि ती हिसकावणारा गॉलम तिच्यासकट आगीत पडतो. नायक हरतो! हे मनात ठेवून मधली पानं वाचली की गॉलमवर दाखवलेली प्रत्येक दया आणि त्याला हासडलेली प्रत्येक शिवी वेगळी ऐकू येते.

लेखकानं स्वतः काय केलं तेही बघा. या गोष्टीच्या आधीची, बिल्बोची कथा सांगणारी त्यांची 'द हॉबिट' १९३७ साली आली तेव्हा गॉलम मुद्रिका पैजेचं बक्षीस म्हणून देऊ करत होता, आणि ती सापडली नाही म्हणून बिल्बोची माफी मागत होता. नंतर मोठी कादंबरी लिहिताना टोलकिनना ते जुळेना. १९५१च्या आवृत्तीत त्यांनी ते प्रकरण बदललं, आणि जुन्या रूपाचं खापर फोडलं बिल्बोवर, की तो आधी खोटं बोलला होता. लिहिणारा माणूसच आपलं पुस्तक वेगळ्या नजरेनं वाचतो, तर तुमची आठवण आणि पान जुळत नाही याचं एवढं दुःख कशाला?

आता शेवटचा पांढरा पट्टा. मुद्रिका नष्ट झाल्यावर पुस्तकात अजून सहा प्रकरणं आहेत. आमच्या वाचकांपैकी बरेच तिथं पुस्तक परत आणून देतात, "संपलं की." त्यातलं शेवटून दुसरं प्रकरण शायरला परत येण्याचं आहे, सिनेमात ते गाळलंय. फ्रोडो, सॅम आणि त्यांचे दोन हॉबिट सोबती एवढं जग वाचवून गावी येतात तर गावच ओळखू येत नाही. झाडं तोडलेली, ज्या झाडाखाली वाढदिवस झाला ते आडवं पडलेलं, नवी गिरणी पाणी नासवतेय, आणि नियमांच्या पाट्या. १९६६च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत टोलकिन लिहितात की ते दहा वर्षांचे होण्याआधीच त्यांच्या लहानपणीचा मुलूख बकाल होऊ लागला होता.

पुण्याला नोकरी करणारा आमचा एक जुना वाचक गेल्या दिवाळीत आला. गावाच्या वेशीतला लिंब रुंदीकरणात गेला होता. पार राहिला होता, वर नुसतं ऊन. माझ्यासमोर बसून म्हणाला, "काका, ते प्रकरण मी कॉलेजात असताना उडवलं होतं." मी त्याला सॅमच्या डबीची आठवण दिली. प्रवासात भेटलेल्या गॅलाड्रिएलनं आपल्या बागेतली माती एका डबीत दिलेली असते, त्या मातीचा एकेक कण सॅम प्रत्येक रोपट्याच्या मुळाशी घालत शायरभर फिरतो. त्या पोरानं सुट्टीत पाराजवळ दोन लिंब लावले. त्यातला एक शेळ्यांनी खाल्ला.

बरं, करायचं कसं? बॉम्बाडिलवर अडकलात तिथं एक चिठ्ठी ठेवून पुस्तक सरळ शेवटाकडं उघडा. मुद्रिका नष्ट झाल्यानंतरची सहा प्रकरणं वाचा. मग जिन्याचं प्रकरण. मग परत बॉम्बाडिल. क्रम मोडला म्हणून काही बिघडत नाही, गोष्ट तुम्हाला ठाऊकच आहे. रोज वाचलंच पाहिजे असं नाही, पण बसलात की मोबाइल दुसऱ्या खोलीत. प्रत तुमचीच आहे, शिसपेन्सिलीनं खुणा करा. वाचनालयाच्या पुस्तकात केल्या तर मी दंड घेतो.

आणि गाणी मोठ्यानं वाचा. ती डोळ्यांनी वाचायची नाहीतच. आमच्या आत्याकडं श्रावणात 'नवनाथ भक्तिसार' लागायचा, चाळीस अध्याय. गोरखनाथ स्त्रीराज्यात जाऊन मृदंगातून 'चलो मच्छिंदर, गोरख आया' वाजवतो, तिथं दर वर्षी सगळा ओटा पुढं सरकायचा. मच्छिंद्रनाथ येणार हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. आत्याला घाई करताच येत नसे, ओवीची चाल तिला रोखून धरायची. हा वेग तुम्हाला हवाय, आणि तो मनातल्या मनात वाचून मिळत नाही.

म्हणजेच लेकीच्या प्रश्नाचं उत्तर आलं. जरूर वाचून दाखवा, पण 'द हॉबिट'पासून. ती मुलांसाठीच लिहिलेली आहे, लहान आहे, तिचा वेग गोष्ट सांगायला बसलेल्या माणसाचा आहे. अडेल ते वाक्य मराठीत सांगा, नावं तशीच ठेवा, गाण्यांना जमेल ती चाल लावा. वीस मिनिटं झाली की थांबा, ती "अजून" म्हणाली तरी. तिचं हे पहिलं वाचन असेल, 'पुढं काय?' तिला छळेल. तो उतार तिच्याकडून उसना मिळेल आणि त्यावर तुमचं दुसरं वाचन चालेल. फक्त पुढचं काही फोडू नका, आणि तुमचं आवडतं पान आलं की तिच्या तोंडाकडं बघत बसू नका. पोरांना ते लगेच कळतं आणि मग त्यांना ते पान आवडत नाही.

सोडून देण्याबद्दल. काही पुस्तकं दुसऱ्या वाचनात खरंच उरत नाहीत. पांढरे पट्टे वाचूनही आत काही सापडलं नाही तर कपाटात ठेवा किंवा एखाद्या वाचनालयाला द्या, कुणाचं तरी ते पहिलं असेल. त्या मुलाला मी 'वीरधवल' दिली नाही, तसं मात्र करू नका.

आज रात्री प्रत मिटून दिव्याखाली आडवी धरा. एकट्याच्या हाताची कड फार काळी नसेल, पण लातूरच्या उन्हाळ्यातला घाम कुठंतरी लागलेला असणार. कुठली पानं पांढरी निघतात ते मला कळवा. मला वाटतंय की एलरॉन्डच्या सभेचा मधला भाग निघेल. तसं असेल तर त्यावर वेगळं लिहितो.